पाठमोरी मेरी

१

बुधवारी वरच्या मजल्यावर हसून झालं, की ते विनोदी साप्ताहिक शनिवारी दुपारी खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात यायचं. इस्लिंग्टनच्या चौकातल्या एकोणीस नंबरच्या घराचा तसा रिवाजच होता. आधी थ्रेलफॉलसाहेब वाचून गदागदा हसायचे. मग बाईसाहेब बघायच्या, आणि हसायचं की नाही ते आलेल्या पाहुण्यांच्या तोंडाकडे बघून ठरवायच्या. शनिवारपर्यंत पानांवर चहाचे डाग पडले, की अंक खाली.

त्यात व्यंगचित्रं असायची आणि त्यातल्या निम्म्या चित्रांत मोलकरणी असायच्या. मालकिणीसारखा फुगीर घागरा घालून झाडू मारणारी मोलकरीण, मालकिणीलाच चार गोष्टी शिकवणारी स्वयंपाकीण, हल्लीचे नोकर कसे डोक्यावर बसलेत, असा एकंदर सूर. आता ज्यांची टिंगल त्यांनी ती वाचून रागानं लाल व्हायला हवं की नाही? पण तळघरात उलटंच. वर हसायचे त्याच्या दुप्पट खाली हसायचे.

वाचायचं काम केझाया पेलचं. ती घरातली साफसफाईची मोलकरीण. वय चोवीस, हात लांब आणि हसू त्याहून लांब. ब्रिंडलबाई स्वयंपाकीण, त्यांना अक्षर म्हणजे वाटाण्याएवढं दिसायचं आणि वाटाण्याइतकंच कळायचं. त्यांना सगळे मिसेस ब्रिंडल म्हणायचे, पण मिस्टर ब्रिंडल असा कुणी कधी जन्मालाच आला नव्हता. स्वयंपाकिणीला मिसेस म्हणायचं, बस्स. तिसरी टॅपलिन. ती वर वाढायची, पाहुण्यांना दार उघडायची, त्यामुळे तिला नुसत्या आडनावानं हाक मारायचा मान होता.

आणि केझायाला घरात केझाया म्हणत नसत. तीन वर्षांपूर्वी ती कामावर आली त्या दिवशी बाईसाहेबांनी तिला नखशिखांत न्याहाळलं होतं. "केझाया? छे ग बाई, हाक मारता मारता चहा थंड होईल. आमच्याकडे साफसफाईला मेरीच असते." तिच्या आधीची हेस्टर, तीही मेरी. हेस्टरच्या आधीच्या दोघी, त्याही मेरीच. खुंटीवरचा एप्रन जसा एकीकडून दुसरीकडे यायचा तसंच ते नाव.

"वाच ग, वाच," ब्रिंडलबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "आज कुणाची अब्रू काढलीय?"

केझायानं पान उलटलं आणि तिचे डोळेच विस्फारले. "अगंबाई! हे तर आपलं स्वयंपाकघर!"

दोघी धावत आल्या. खरंच की. तोटी फुटलेला दुधाचा जग. पावणेसातावर कायमचं बंद पडलेलं घड्याळ. भिंतीवर घंट्यांची फळी, आणि तिच्यातली चौथी घंटा जरा वाकडी. मध्ये कमरेवर हात ठेवून ब्रिंडलबाई, हुबेहूब. खाली लिहिलं होतं:

बाईसाहेब: एवढं लोणी जातं तरी कुठं?
स्वयंपाकीण: पोटात, बाईसाहेब. कुणाच्या ते मात्र विचारू नका.

"मी बोलले होते हे!" ब्रिंडलबाई किंचाळल्या. "मागच्याच्या मागच्या सोमवारी! आणि बाईंना काय बोलावं सुचेना!" मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. टॅपलिनची मुरकुंडी वळली, केझाया टेबलाला धरून खाली बसली, ब्रिंडलबाईंनी पिठाच्या हातानंच डोळे पुसले. आपण छापून आलो! बंद घड्याळासकट!

हसू ओसरल्यावर टॅपलिननं चित्रावर बोट ठेवलं. "ही तुम्ही. ही मी. ही केझाया. मग ही चौथी कोण?"

मागं, भांडी घासायच्या खोलीच्या दाराशी, आणखी एक मोलकरीण उभी होती. पाठमोरी. एप्रनची नाडी एकाच पाकळीच्या सुरगाठीनं बांधलेली, एक टोक खाली लोंबतंय.

"कोपरा रिकामा दिसत असेल मेल्याला, भरला," ब्रिंडलबाई म्हणाल्या. ते तिघींनाही पटलं.

२

केझायाचा दिवस सहाला सुरू व्हायचा. गुडघ्यावर बसून खोल्यांतल्या भिंतीतल्या शेगड्यांची राख काढायची, काळं पॉलिश लावायचं, ब्रशनं घासून चकाकी आणायची आणि मग जाळ पेटवायचा. चार खोल्या, चार शेगड्या. थंडीत बोटं फुटायची, पण ती गाणं म्हणत घासायची. कारण सध्या तिच्या डोक्यात समुद्र होता.

तिची बहीण डॉर्कस मार्गेटला समुद्राकाठच्या एका हॉटेलात कामाला होती. तिथं पंचवीस मार्चपासून एक जागा सुटत होती. पगार जास्त, झोपायच्या खोलीला खिडकी, आणि डॉर्कसनं पत्रात खाली रेघ मारून लिहिलं होतं, "इथं सगळ्यांना आपापल्या नावानं हाक मारतात." फक्त एक गोष्ट लागणार होती. जुन्या मालकिणीचा वर्तणुकीचा दाखला. दाखला नसलेल्या मोलकरणीला कुणी दारातसुद्धा उभं करत नाही. हॉटेलची बाई थ्रेलफॉलबाईंना पत्र टाकणार, बाई दोन ओळी लिहिणार, की झालं. ते पत्र यायच्या आत, बाईसाहेबांचा मूड बघून काम सोडायची नोटीस द्यायची, असं केझायानं ठरवलं होतं.

त्या सोमवारी ती जेवणघरात गेली आणि दारातच थांबली. शेगडी घासलेली होती. राख काढलेली, पॉलिश केलेली, आणि कडेचं पॉलिश अजून ओलं. केझायानं बोट लावलं, बोट काळं झालं.

"टॅपलिन बाई, देव तुझं भलं करो!" ती मोठ्यानं म्हणाली आणि चक्क दोन गिरक्या घेतल्या. पण खाली येऊन बघते तर टॅपलिन अंथरुणात घोरत पडलेली. बरं, ब्रिंडलबाई? त्या गुडघ्यावर बसल्या तर उठवायला दोन माणसं लागायची.

रात्री आपणच घासली असेल, झोपेच्या भरात. केझायानं मनाची समजूत घातली. माणूस दमला की काय काय करतो.

त्याच दिवशी दहा वाजता ती तळघरात कोळशाची बादली भरत होती. वरून हाक आली. "मेरी!"

तिनं तोंड उघडलं. पण ओ देण्याआधीच वर, जिन्याच्या टोकाकडून, कुणीतरी आनंदानं ओरडलं, "आले, बाईसाहेब!"

आवाज तरुण होता, थोडा धापा टाकणारा. मग पावलं. मग जिन्याची खालून तिसरी पायरी, जी सगळ्यांच्या पायाखाली कुरकुरायची, ती कुरकुरली. मग काही नाही.

केझाया बादली हातात धरून उभीच राहिली. टॅपलिन अंडी आणायला बाहेर गेली होती, ते तिनं स्वतः पाहिलं होतं. मग तिला हसूच आलं. भीतीचं होतं की गमतीचं, तिचं तिलाही कळेना. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या जागी दुसरं कुणी धावलं होतं.

३

पुढचा अंक बुधवारी आला आणि वरून हसण्याऐवजी काच फुटल्याचा आवाज आला.

टॅपलिन धावतच खाली आली. "बाईसाहेबांनी पेला फेकला! चित्रात त्याच आहेत!"

अंक शनिवारची वाट न बघता त्याच दुपारी खाली आला, चुरगळलेला. चित्र दिवाणखान्याचं. कोचावर बाईसाहेब आणि त्यांची एक मैत्रीण. दारात कोळशाची बादली घेतलेली मोलकरीण.

बाईसाहेब: मी नोकरांना अगदी घरच्यासारखं वागवते. ही आमची मेरी, तीन वर्षं झाली.
पाहुणी: आडनाव काय हो तिचं?
बाईसाहेब: आडनाव? तिला कशाला लागतंय आडनाव?

शब्द न् शब्द खरा होता. दिवाणखान्यात तेव्हा तिघीच होत्या. बाईसाहेब, पाहुणी, आणि बादली घेतलेली केझाया. पण चित्रात चौघी होत्या. बाईसाहेबांच्या कोचामागं, पडद्याला लागून, पाठमोरी एक जण. एप्रनला एकाच पाकळीची गाठ.

"वर चढली ही," टॅपलिन हळूच म्हणाली. "मागच्या वेळी खाली होती."

या वेळी ब्रिंडलबाई कोपरा भरल्याचं काही बोलल्या नाहीत. उठल्या, भांडी घासायच्या खोलीचं दार लोटून आल्या आणि म्हणाल्या, "वारा येतोय."

चित्राखालची ओळ वाचताना मात्र केझायाला हसू आवरेना, आणि तेवढ्यात घंटा वाजली. दिवाणखान्याची, वाकडी, चौथी.

बाईसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "सगळं इस्लिंग्टन हसतंय मला! त्या खोलीत तू होतीस, मेरी. तुलाच वाचता येतं. रविवारी बाहेर तूच जातेस. त्या चित्रवाल्याला घरातलं कोण सांगतं ते मला मंगळवारी, पॅनकेकच्या दिवशी, सकाळी कळलंच पाहिजे. नाहीतर तू दाखल्याशिवाय घराबाहेर. कळलं?"

"मी नाही सांगितलं, बाईसाहेब."

"मग कुणी सांगितलं? भिंतीनं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खिडकी गेली, समुद्र गेला, नावही गेलं. दिवाणखान्याबाहेर येऊन केझायानं डोळे पुसले आणि वर पाहिलं. जिन्याच्या कठड्यावर सकाळी धूळ होती. आता नव्हती.

४

चित्रवाला कुठं राहतो ते टॅपलिनला ठाऊक होतं. तिची मावसबहीण पेंटनव्हिलला एका पक्षीवाल्याच्या दुकानावरच्या घरात झाडलोट करायची, आणि तिथले भाडेकरू लॉरिमर हेच ते मोलकरणींची चित्रं काढणारे, असं ती चारचौघांत मिरवायची. रविवारी दुपारी केझाया तिथं पोचली. खाली दोनशे पक्षी एकदम ओरडत होते आणि वर एक गोल गरगरीत गृहस्थ रविवारी काम करणं निषिद्ध असूनही पेन्सिल चालवत होता, म्हणून पडदे ओढून.

"एकोणीस नंबर?" लॉरिमर खूश झाले. "वा, वा! ये पोरी, बस. मेरीनं पाठवलं का तुला?"

"मेरी मीच आहे, साहेब."

"छे, छे! मेरी मला चांगली ठाऊक आहे. दर गुरुवारी तीनला येते. काय बोलते, काय नकला करते! तुमच्या बाईंचा 'आडनाव कशाला लागतंय' असा काढला, मी खुर्चीतून पडलो."

गुरुवारी तीनला केझाया मागच्या अंगणात गालिचे झोडपत असायची. ब्रिंडलबाई आणि टॅपलिन दोघी खिडकीतून बघत असायच्या. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "दिसते कशी ती?"

लॉरिमरांनी पेन्सिल खाली ठेवली. "गंमत बघ. एखाद्याचं नाक एकदा पाहिलं तर वीस वर्षांनी काढून दाखवीन मी. पण तिचा चेहरा... मी इथं काम करत असतो ना. ती मागं असते. नुसता आवाज येतो." ते मागं वळून बघितल्यासारखं करून पुन्हा हसले. "चहा मात्र कधी घेत नाही."

टेबलावर पिवळट लाकडाचा गुळगुळीत ठोकळा होता, तळहाताएवढा. त्याच्यावर पेन्सिलीनं चित्र काढलं होतं, सगळं डाव्याचं उजवं. छापलं की सुलट होतं, त्यांनी सांगितलं. कारागीर रेघा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढतो. "हे पुढच्या अंकाचं. बघ, तुझंच घर. उद्या कोरायला जाईल."

केझायानं पडदा बोटभर सारला आणि ठोकळा उजेडात धरला. घराचा हॉल. जिना. बाईसाहेब बोट रोखून उभ्या. त्यांच्यासमोर ओळीनं तिघी मोलकरणी, जिन्याकडे पाठ करून.

"हे कधी झालं, साहेब?"

"मंगळवारी. मेरीच म्हणाली, मंगळवारी सकाळी."

"मंगळवार परवा आहे."

"मग मागचा असेल," लॉरिमर म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा पडला होता.

आणि तेव्हा केझायाला जिन्यावरची चौथी दिसली. खालून तिसऱ्या पायरीवर. ही पाठमोरी नव्हती. मसुरीच्या दाण्याएवढा चेहरा, तोंडावर हात, आणि हाताआडून हसू फुटत होतं. तिघी मोलकरणी बाईंकडे बघत होत्या, बाई तिघींकडे. ती एकटीच चित्रातून बाहेर बघत होती, सरळ केझायाकडे.

"ही कोण हो?"

लॉरिमर वाकले. "मी तीनच काढल्या," ते म्हणाले. "मागच्या दोन अंकांत आली ना, मला वाटलं कोरणारा घालतो. चेष्टेखोर आहे तो." त्यांनी कपाळ पुसलं. "पण हा ठोकळा अजून त्याच्याकडे गेलाच नाही."

केझायानं पुन्हा पाहिलं तर पायरीवरची ती पाठमोरी होती. एका पाकळीची गाठ, लोंबतं टोक. पेन्सिलीच्या चार रेघा. ढगाळ उजेड होता, दोनशे पक्षी कानात ओरडत होते, माणसाला भास होणारच. सगळा रस्ता ती स्वतःला हेच सांगत आली.

पण सांगून होईना. जी बाई दुसरीच्या शेगड्या घासून देते ती वाईट कशी असेल? असं मनात आलं की तिला बरं वाटायचं. पुढच्याच पावलाला दुसरा विचार. फुकट कोण घासतं? मेरी या घरात एकच असते. ती जर मेरी असेल, तर बाईसाहेब मला कुठल्या नावानं ठेवणार, आणि कुठल्या नावानं हाकलणार?

५

दुसऱ्या दिवसापासून चाळीस दिवसांचे उपवास, म्हणून मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात पॅनकेकचं पीठ भिजवलेलं होतं. ब्रिंडलबाईंनी दहा अंडी फोडली होती, टॅपलिन लिंबं चिरत होती. वर्षातला सगळ्यात मजेचा दिवस, आणि तिघींच्याही तोंडचं पाणी पळालेलं. साडेदहाला सगळ्या घंटा एकदम वाजल्या.

हॉलमध्ये नोकरांनी कसं उभं राहायचं ते ठरलेलं होतं. जिन्याकडे पाठ, हात पुढं, नजर समोर. मालक बोलत असताना मागं वळून बघायचं नाही, छप्पर पडलं तरी नाही. तिघी ओळीनं उभ्या राहिल्या. केझायाच्या लक्षात आलं की आपण अगदी ठोकळ्यावरच्यासारख्या उभ्या आहोत, आणि तिचे कान गरम झाले.

साहेब दाराशी पेपर उघडून उभे होते. पेपर उलटा होता.

"मेरी," बाईसाहेबांनी बोट रोखलं. "कुणी सांगितलं?"

"ठाऊक नाही, बाईसाहेब."

"बरं. आणि आजकाल माझी फजिती करायचं फॅडच निघालंय! हे बघा, मार्गेटच्या कुठल्या हॉटेलातून पत्र. म्हणे तुमच्याकडच्या केझाया पेलचा दाखला द्या. काल मी कळवून टाकलं की या नावाची कुणी बाई माझ्या घरात कधीही कामाला नव्हती."

ब्रिंडलबाईंच्या घशातून कसलासा आवाज निघाला. केझायानं मनात मोजलं. तीन वर्षं. चार शेगड्या रोज, गालिचे, कोळसा, आणि ती या घरात कधी नव्हतीच.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "ती मी."

"कोण?"

"केझाया पेल. मी. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी."

"तू? तू तर मेरी आहेस!"

"माझ्या आधी हेस्टर मेरी होती, बाईसाहेब. तिच्या आधी आणखी दोघी. तुम्ही म्हणता मेरीनं सांगितलं. पण कुठल्या?" तिचा आवाज आता थांबणार नव्हता. "मी नाही सांगितलं. मी केझाया आहे."

"उलट बोलतेस?" बाईसाहेब कडाडल्या. "पुरे झाली ही नाटकं! मेरी! खरं काय ते सांग!"

"आले, बाईसाहेब!"

जिन्याच्या टोकावरून. आनंदानं, थोड्या धापा टाकत.

कुणी मागं वळलं नाही. वर कुणीतरी ब्रश लाकडावर ठेवला, टक्. मग पावलं. घाई नाही, हलकी, कठड्यावरून फडकं फिरवत येणारी. अर्ध्या जिन्यावर थांबली, पुन्हा निघाली. केझायानं बाईसाहेबांच्या चेहऱ्यावर नजर ठेवली, कारण दुसरीकडे बघायची बंदी होती आणि धीरही नव्हता. त्यांचं रोखलेलं बोट हळूहळू खाली आलं. डोळे पायरी पायरीनं खाली उतरत होते.

खालून तिसरी पायरी कुरकुरली.

समोरच्या भिंतीवर हॅट ठेवायच्या खुंट्यांमध्ये अरुंद आरसा होता. त्यात केझायाला आपला खांदा दिसला, आणि खांद्यामागं, कठडा पुसणारा एक हात. बोटं पॉलिशनं काळी. मग एप्रनची एक पाकळी. कुणीतरी वळत होतं. मानेवर कुणाचा तरी श्वास लागला, हसू दाबताना फुटतो तसा. आणि वळलेलं तोंड आरशात यायच्या आधीच केझायानं डोळे गच्च मिटले. पुढं काय दिसलं असतं ते तिला कधीच कळलं नाही, आणि आयुष्यभर तिला त्याचं बरंच वाटत राहिलं.

"हो," बाईसाहेब कुजबुजल्या. त्या केझायाशी बोलत नव्हत्या. "हो... समजलं. जा तू. जा."

ती पायरी पुन्हा कुरकुरली, आणि पावलं वर गेली.

हॉलमध्ये एक टणक लाकडी खुर्ची होती. फेरीवाल्यांनी, निरोप्यांनी बसायची. त्या घरात आल्यापासून बाईसाहेबांनी तिला बोटही लावलं नव्हतं. आता त्या धपकन तिच्यात बसल्या. साहेबांनी पेपर सुलट केला आणि त्याच्या आड गेले.

मग बाईसाहेबांनी वर पाहिलं, तिघींकडे, एकेकीच्या तोंडाकडे, जणू नवीन ओळख होत होती.

"तुझं," त्यांनी ओठ ओले केले, "तुझं नाव काय म्हणालीस?"

"केझाया पेल, बाईसाहेब."

"टॅपलिन, दौत आण. आणि... टॅपलिन, तुझं पहिलं नाव काय ग?"

"रोझीना, बाईसाहेब," टॅपलिन म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

६

पत्र त्याच दुपारी टपालात पडलं. 'काल चुकून लिहिलं, क्षमा असावी. केझाया पेल तीन वर्षं माझ्याकडे होती. प्रामाणिक, नेटकी, कष्टाळू.' टाकायच्या आधी केझायानं ते तळघरात मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा ब्रिंडलबाईंच्या आग्रहावरून.

"केझाया पेल!" ब्रिंडलबाईंनी पॅनकेक हवेत उडवला आणि अचूक तव्यात झेलला. "काय भारदस्त वाटतं ग!" तिघींनी लिंबू-साखर घालून इतके पॅनकेक खाल्ले की टॅपलिनला एप्रनची नाडी सैल करावी लागली. शेवटचा एक ब्रिंडलबाईंनी बशीत घातला आणि भांडी घासायच्या खोलीच्या दाराशी ठेवला. मग तिघी तिकडे पाठ करून बसल्या आणि फार मोठमोठ्यानं बोलायला लागल्या.

थोड्या वेळानं टॅपलिननं तिरक्या नजरेनं पाहिलं. बशी रिकामी होती. धुतलेलीही होती.

पुढच्या आठवड्याच्या अंकात हॉलचं चित्र आलं. तिघी ओळीनं, आणि बाईसाहेब त्या टणक खुर्चीत. खाली एकच ओळ: "तुझं नाव काय म्हणालीस?" जिना रिकामा होता. लॉरिमरसाहेबांची मेरी गुरुवारी आली नाही म्हणे, तेव्हा त्यांनी तो आधीचा ठोकळा न कोरताच बाजूला टाकला आणि नव्यावर शेवट स्वतःच्या डोक्यानं रचला. तो खरा निघालाय हे त्यांना कुणी सांगितलं नाही. वर साहेब हसले. मग, टॅपलिननं शपथेवर सांगितलं, बाईसाहेबही हसल्या, आणि त्या वेळी दिवाणखान्यात एकही पाहुणी नव्हती.

पंचवीस मार्चला केझायाची पेटी दारात घोडागाडीवर चढली. नवीन मोलकरीण पायऱ्यांवर उभी होती, सोळा-सतरा वर्षांची, नाकावर तीळच तीळ, गाठोडं छातीशी. बाईसाहेब स्वतः दारापर्यंत आल्या. आता त्यांची ती सवयच झाली होती.

"नाव काय तुझं? खरं नाव सांग हं. या घरात ज्याला त्याला आपापल्या नावानंच हाक मारतात."

पोरीनं गुडघे वाकवून नमस्कार केला. "मेरी, बाईसाहेब."

बाईसाहेबांनी दाराची चौकट धरली. "नाही, म्हणजे... आईबापांनी ठेवलेलं?"

"मेरीच, बाईसाहेब. आजीचं नाव."

ब्रिंडलबाईंना तळघराच्या पायऱ्यांवर ठसका लागला. केझायानं पोरीला हळूच वळवून तिच्या एप्रनची गाठ पाहिली. दोन पाकळ्यांची, चांगली फुगीर. जीव भांड्यात पडला. तिनं पोरीच्या गालाला हात लावला, टॅपलिनला कडकडून मिठी मारली, ब्रिंडलबाईंना दोनदा, आणि हसत रडत गाडीकडे निघाली. मार्गेटची आगगाडी अकराची होती.

मागं बाईसाहेबांनी घसा खाकरला. नाव खरं होतं, काम पडलं होतं, हाक तर मारायलाच हवी होती. पॅनकेकच्या दिवसापासून ती हाक त्या घरात उमटली नव्हती.

"मेरी!"

केझायाचा पाय सवयीनं उचलला गेला. मग तिला आठवलं, आणि तिनं तो सावकाश, मजेत, गाडीच्या पायरीवर ठेवला.

"आले, बाईसाहेब!" पायऱ्यांवरून नवी पोर म्हणाली.

"आले, बाईसाहेब!" वरून जिन्यावरून कुणीतरी म्हणालं.